बाईंच्या दगडावर आईनं काय लिहिलं

म्हातारपणी आईला चर्च कशाला हवं, हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी निघाले. आम्ही काही ख्रिस्ती नाही. गंगाखेडजवळच्या एका चर्चच्या आवारात तिच्या मुख्याध्यापिका बाईंचं स्मारक आहे, त्या भागात मुलींची पहिली शाळा चालवणाऱ्या बाई, एवढंच तिनं सांगितलं. बाबा होते तोवर कधी विषय नाही आणि आता रोज तेच टुमणं! माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला कुणी नादी तर लावलं नसेल?

पुण्याहून रेल्वेनं परभणी गाठलं. तिथून गंगाखेडला एसटी मिळते, रेल्वेही आहे, पण तिच्या वेळेवर विसंबू नका. स्टँडसमोर गरम सुशीला खा, भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचा कूट. आईनं घास घेतला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून काहीतरी बांधलं होतं, तेच सारखं चाचपत होती. नवस? दागिना?

"काय आहे गं त्यात?"

"काई न्हाई. गप खा."

एसटीत मात्र ती आपणहून बोलली. "नववीत व्हते. सुट्टीत लगीन लावून दिलं. बाईंना सांगायचं बी राहून गेलं. एकदा जाऊन येऊ दे मला." मी मान डोलावली, पण निम्माच विश्वास ठेवला.

पुढं शेअर रिक्षा, दोन्हीकडं ऊस. चर्चच्या फाटकाशी किल्ल्या घेतलेले एक काका. आईकडं बघून म्हणाले, "बाईंच्या पोरींतल्या का तुमी? या." मला मात्र हातानंच थांबवलं. "आधी त्यांना जाऊ द्या."

आता देणगीचं पावतीपुस्तक निघणार, याबद्दल माझी खात्री पटली. मी काकांना न जुमानता आत घुसले. काळ्या दगडावर बाईंचं नाव कोरलेलं आणि खाली सगळा खडूचा गिरगोटा.

"स्मारक बांधता आणि पोरांना रेघोट्या मारू देता?" मी फाडकन बोलले.

"पोरं न्हाईत ओ. बाई हजेरी घेत नव्हत्या. आलेल्या पोरीनं फळ्यावर आपलं नाव लिवायचं, झाली हजेरी. त्या पोरी म्हाताऱ्या झाल्या, तरी येऊन लिवायलेत. पावसानं पुसतंय, पुन्हा कोणतरी येतंय."

आईनं पदराची गाठ सोडली. आत खडूचा तुकडा होता. तिनं सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: द्वारका नारायण.

"ही कोण?"

"मी."

माझ्या आईचं नाव सुनंदा. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. ते तांदूळ त्याच दिवशी शिजले असतील, नाव मात्र जन्मभर राहिलं.

"सुनंदाला बाईंनी कसं वळखलं असतं?" आई म्हणाली.

मला भयंकर राग आला. कुणावर, ते ठरवता येईना.

जाणाऱ्यांसाठी: खडू सोबत न्या. काकांनी शेवटपर्यंत देणगी मागितली नाही. मी पार फाटकाबाहेर येईपर्यंत वाट बघितली.

घरी आल्यावर चार दिवसांनी आई ओट्याशी लसूण सोलत बसली होती. मी बाहेरून सहज हाक मारली, "द्वारके!"

तिनं लगेच ओ दिली, अगदी पोरीसारखी. मी दारात जाऊन बघितलं, तर लसूण तसाच पडलेला.

"अजून एकदा मार की हाक," ती म्हणाली.