टाकणाऱ्याला विचारा

मीरा रोड ते भाईंदर या पट्ट्यात माझ्या साडूंना न विचारता आजवर कोणी साधा झारासुद्धा विकत घेतला असेल, असे मला वाटत नाही. यात अतिशयोक्ती असेल तर ती फार तर दहा टक्के धरावी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म उत्तनच्या किनारपट्टीतल्या तारोडी गावचा, राहायला मीरा रोडला पूनम सागरमध्ये, आणि मुंबईतल्या कचेरीतली नोकरी मुदतीआधीच सोडून घरी बसलेले. घरी बसलेले हे आपले म्हणायचे. दर रविवारी साडेदहाला ते भाईंदरला आमच्याकडे येत. बेल वाजली की माझी आई, बायको आणि मुलगी सई, तिघी एकदम दाराकडे धावत. मीही रोज संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी हीच बेल वाजवतो, वर्षातून सुमारे तीनशे वेळा. दाराकडे कोणी धावत आल्याचे मला आठवत नाही.

साडूंचा सिद्धान्त एकच होता. एखादी वस्तू घ्यावी की नाही, हे ती वापरणाऱ्याला कधी विचारू नये. "त्यानं खिशातनं दिलेलं असतं, तो चांगलंच बोलणार. ज्यानं टाकली त्याला विचारा." त्यामुळे कोणी मिक्सर घ्यायचा म्हटले की साडू दुकानात न जाता भंगारवाल्याकडे जात. पूनम सागरच्या मागच्या बाजूचा भंगारवाला हा त्यांचा जिवलग मित्र. त्याच्या वजनकाट्याशेजारी यांच्यासाठी एक मोडके स्टूल कायमचे राखून ठेवलेले. आमच्या सासूबाईंना कपडे धुण्याचे यंत्र घ्यायचे होते तेव्हा मी सहा कंपन्यांची माहितीपत्रके आणून एक तक्ता केला होता. तो तक्ता सासूबाईंनी डब्यात कागद म्हणून घातला. साडू भंगारवाल्याकडून एक वाक्य घेऊन आले, "चाचा, इस महिने में चार आए, चारों का ढक्कन टूटा हुआ," म्हणजे मोटर एकाचीही जळलेली नाही, आणि त्या वाक्यावर तेच यंत्र ठरले. माझ्या तक्त्यात पहिला क्रमांक त्याच यंत्राचा होता, पण हे सांगायला मला कोणी जागाच दिली नाही.

आमच्या घरातला सोफाही त्यांनीच निवडलेला. मी चार दुकानांत जाऊन टेपने मापे घेतली होती. साडू पाचव्या दुकानात शिरले, चपला काढल्या, सोफ्यावर आडवे झाले आणि खरोखर झोपले. मी घड्याळ लावले, पंचवीस मिनिटे. दुकानदार आधी चिडला, मग त्यानेच पंखा त्यांच्याकडे वळवला. जागे झाल्यावर साडू म्हणाले, "हा घ्या. स्वप्न पडलं." बायको मला म्हणाली, "बघा, भाऊजी अंगाला लावून बघतात. तुम्ही नुसते मोजत बसता." सोफा उत्तम आहे, नाही म्हणत नाही. फक्त तो आमच्या हॉलला तीन इंच जास्त आहे, त्यामुळे बाल्कनीचे दार अर्धेच उघडते. गेली कित्येक वर्षे आम्ही सगळे बाल्कनीत अंग तिरके करून जातो. पाहुण्यांना सांगताना घरातली मंडळी दाराला दोष देतात.

पण सगळ्यात झोंबले ते पाण्याच्या टाकीचे प्रकरण. भाईंदरला पाण्याची रड जुनीच. सोसायटीच्या टाकीत रोज सकाळी किती पाणी आहे हे मी अकरा वर्षे एका वहीत लिहून ठेवत आलोय. एकदा दोन दिवस पाणी आले नाही. सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली. मी वही उघडून सरासरी काढत होतो, तेवढ्यात साडू पुढे झाले, टाकीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकले, कान लावला आणि म्हणाले, "उद्या दुपारी बारापर्यंत पुरेल." लोक निश्चिंत होऊन जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी पाणी बारा वाजून दहा मिनिटांनी संपले. साडू दहा मिनिटांनी चुकले होते. ते माझ्याशिवाय कोणी मोजले नाही.

इतके असून ह्या माणसाच्या स्वतःच्या घरात काही नव्हते. लग्नातली कॉट, जुना टीव्ही, एक आरामखुर्ची. मूलबाळ नाही. मेहुणी कधी म्हणायची, "सगळ्या गावाला घेऊन देतात, घरात मात्र एक चमचा नवीन नाही." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले, "आपल्याला काय कमी हाय?" एरवी ते आमच्यासारखेच बोलत. तारोडीचे हाय-न्हाय त्यांच्या तोंडी आले की समजावे, माणूस मनापासून बोलतोय.

आता मूळ गोष्ट. सईची दहावीची परीक्षा संपली आणि तिने कॉम्प्युटरवरचा एक खेळ घ्यायचा म्हटले. तलवारी, जादू, गुहा, राक्षस असलेला. त्यात आपण एक माणूस व्हायचे आणि एका भल्यामोठ्या मुलखात हवे तिकडे हिंडायचे. कुठे जायचे ते कोणी सांगत नाही. हा खेळ चार वर्षे जुना होता. त्याचा नवा भाग नुकताच बाजारात आला होता, पण तो आमच्या कॉम्प्युटरवर चालण्यासारखा नव्हता. जुना चालला असता. प्रश्न एवढाच की इतका जुना खेळ आता घेण्यात अर्थ आहे का. आणि हा प्रश्न तिने विचारला साडूंना. मी त्याच खोलीत होतो. सोफ्यावर, तिच्यापासून दोन फुटांवर.

सातवीपर्यंत ही मुलगी मला सगळे विचारायची. चंद्र किती लांब, मुंगी किती वजन उचलते, आपल्या बिल्डिंगला पायऱ्या किती. एकशे बारा. मग कधीतरी तिचे विचारणे थांबले, आणि रविवारी साडेदहाला "काका, एक सांगा ना" सुरू झाले. जूनमध्ये ती कॉलेजात जाणार, म्हणजे माझ्या हातात फार तर दहा आठवडे होते. म्हणून मी ठरवले की या खेळाचा निकाल साडूंच्या आधी आपणच लावायचा.

मी केबिन रोडवरच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाला विचारले, "ये गेम कितने घंटे का है?" तो म्हणाला, "अंकल, खतम ही नहीं होता." मी म्हटले, "अंदाजे?" तो म्हणाला, "अंदाजा लगानेवाले अभी भी खेल रहे हैं." मी घरी आलो, फुलस्केपवर दोन बाजू आखल्या, घ्यावा आणि घेऊ नये, आणि एकवीस मुद्दे काढले. चित्रे जुनाट, माणसांचे चेहरे लाकडी, चार वर्षांचा शिळा माल. पण खरी अडचण तासांची होती. जे संपतच नाही ते किमतीला पुरून उरले की नाही, हे ठरवायचे कसे? कागद सईपुढे ठेवला. तिने वरचा मुद्दा वाचला आणि म्हणाली, "बाबा, अख्खं जग आहे ते. जग कधी शिळं होतं का?" मग कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "काका काय म्हणतात बघू."

काका कामाला लागले होते. हा खेळ टाकून दिलेला माणूस ते शोधत होते. भंगारवाला या वेळी निरुपयोगी ठरला, कारण त्याच्याकडे कॉम्प्युटर येत, खेळ येत नसत. पहिल्या रविवारी एक बँकेतला तरुण सापडला. त्याने खेळ सोडला होता, पण लग्न झाले म्हणून. साडूंनी तो बाद धरला. "त्यानं क्रिकेटही सोडलंय." दुसऱ्या रविवारी एक कॉलेजकुमार सापडला, त्याच्या कॉम्प्युटरवर चहा सांडला होता. तोही बाद. सई रोज फोन करून विचारी, "सापडला का?" मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो की या जगात हा खेळ टाकलेला एकही माणूस नसू दे, म्हणजे साडूंचा सिद्धान्त एकदाचा तोंडावर आपटेल. माणसाने असे चिंतू नये हे मला कळत होते. तरी चिंतले.

तिसऱ्या आठवड्यात साडू रविवारची वाट न पाहता गुरुवारीच भर दुपारी आमच्याकडे येऊन थडकले. मी सर्दीने रजेवर होतो. दारातूनच ओरडले, "साडूभाऊ, आक्रीत झालं! सोडलेला माणूस हाय, पण सोडलेला न्हाय!" पाणी पिऊन झाल्यावर उलगडा झाला. पूनम सागरमधल्या एका दातांच्या डॉक्टरने खेळ दोन वर्षांपूर्वी बंद केला होता. का, म्हणून विचारले तर डॉक्टर म्हणाला, शेवटची एक लढाई उरली होती, ती जिंकली की संपणार, म्हणून तिथेच थांबलो. साडू सोफ्यावर टेकले. "तीस वर्षं विचारतोय लोकांना. कंटाळून टाकलं, मोडलं म्हणून टाकलं, जागा न्हाय म्हणून टाकलं. पण संपू नये म्हणून टाकलेली वस्तू ही पहिली."

एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. सोफ्यावर झोपून पाहणारा माणूस तो. त्यांनी डॉक्टरच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसून दीड तास खेळ खेळला. बाहेर गाल सुजलेले दोन पेशंट बसले होते. राक्षसांच्या वाटेला साडू गेलेच नाहीत. ते समुद्रकिनारा शोधून काठाकाठाने चालत राहिले. "पाणी चांगलं केलंय. होड्याही हायत. पण जाळं कोणी टाकत न्हाय. ज्यानं खेळ केला त्यानं समुद्र पाहिलाय, मासेमारी न्हाय पाहिली."

रविवारी निकाल होता. बायकोने पोहे केले, आई माळ हातात घेऊन पुढे येऊन बसली. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून होतो, वाचत नव्हतो. साडूंनी बशी बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा कागद कुठाय?"

मला वाटले थट्टा करतायत. पण कागद दिला. त्यांनी चष्मा लावून एकवीसच्या एकवीस मुद्दे वाचले, ओठ हलवत, बोट फिरवत. आमच्या घरात माझा कागद शेवटपर्यंत वाचणारा तो पहिला माणूस. मग सईकडे वळून म्हणाले, "खेळ घे. पण एक अट हाय. या खेळात माणसाला ओझं वाहायला लागतं. तलवारीला वजन, भांड्याला वजन, पुस्तकाला वजन. जास्त उचललं की पाय जागचा हलत न्हाय. दीड तासात मी तीनदा अडकलो. काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते मला जमलं न्हाय."

"मग, काका?"

"मग काय? ते माझं काम न्हाय. तुझ्या बाबाचं हाय. त्याला शेजारी घेऊन बस."

सई माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्यांचा हेवाच वाटला. माझ्या पोरीशेजारची जागा मला मिळाली, तीही त्यांच्या शिफारशीने!

खेळ आणला. त्या मे महिन्यात सई आणि मी रोज दीड तास त्या मुलखात हिंडलो. ती चालवायची, मी वही घेऊन शेजारी. ढाल चौदा, दोर तीन, औषधाची बाटली एक, चांदीचा दिवा चार. कोणती वस्तू वजनाच्या मानाने टिकवण्यासारखी आहे हे मी दुसऱ्या आठवड्यात तोंडपाठ सांगू लागलो. मागे राक्षस लागलेला असताना ती किंचाळायची, "बाबा, लवकर! ढाल ठेवू की टाकू?" आणि मी वहीत न बघता सांगायचो, "टाक. दिवा ठेव." चेहरे लाकडीच होते. पंधरा दिवसांनी ते मला दिसेनासे झाले. खेळ घेण्यासारखा होता की नाही, या प्रश्नाचे उत्तर मी आजही देऊ शकेन, पण ते फुलस्केपवर मांडता येणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ओळीने चार रविवार साडेदहाला बेल वाजली नव्हती. सईला विचारायचे काही उरले नव्हते आणि घरात कोणी काही विकत घेत नव्हते. पाचव्या रविवारी मी पूनम सागरला गेलो. साडू आरामखुर्चीत बसून समोरच्या बिल्डिंगमधल्या कोणाच्या तरी नव्या पडद्यांकडे बघत होते. ते पडदे त्यांना विचारून घेतलेले नव्हते.

"बरं चाललंय ना?" मी म्हटले.

"चाललंय. सगळ्यांना सगळं मिळालंय वाटतं." मग पडद्यांवरून नजर काढून म्हणाले, "खेळ कुठवर आला?"

"निम्म्यापर्यंत असेल."

"संपवू नका," ते म्हणाले. "तुमच्याकडे विचारणारी हाय."

परतताना खारीगावच्या वळणापर्यंत मी काही मोजले नाही. इतकी वर्षे मी या माणसाचा हेवा करत आलो. त्याच्या आरामखुर्चीतून बघितले तर माझे घर कसे दिसत असेल, हा मुद्दा माझ्या कुठल्याच कागदावर नव्हता.

पुढच्या शनिवारी बायको म्हणाली, कुकरची शिट्टी गेली, नवा कुकर बघू या का. कोणता कुकर घ्यायचा हे मला माहीत होते. पाच लिटर, जाड बुडाचा, आतल्या झाकणाचा. केबिन रोडवर कोणत्या दुकानात तेही ठरलेले होते. मी फोन उचलला.

"भाऊजी, जरा अडचण आहे. कुकर घ्यायचाय. काही सुचत नाही."

पलीकडे आरामखुर्ची करकरली. "घाई करू नका, साडूभाऊ! भंगारवाल्याकडे जाऊन येतो. उद्या साडेदहाला हाय मी."

रविवारी बेल वाजली. तिघी धावल्या. सगळ्यात पुढे सई होती, आणि तो जुना हेवा मला नेमाने वाटला. फक्त या वेळी सोफ्यावरून उठून मीही त्यांच्या मागे गेलो, चौथा.