सुरगाठ, निरगाठ आणि तिसरी

रविवार, माघ महिना, सकाळी आठ. जागा: तिघऱ्याचं धरण. हजर: मी, माझे एक्याऐंशी वर्षांचे बाबा आणि होडी शिकवणारे उस्ताद.

वल्हवणं मला आलं होतं. गाठी तीन शिकायच्या होत्या. दोन आल्या, तिसरी अडली. उस्तादांची अट साधी होती: तिसऱ्या गाठीने होडी काठाच्या खुंट्याला बांधून दाखवा, मग बाबूजींना घेऊन जा. बाबांना मी वल्हवलेल्या होडीत बसायचं आहे, आणि याच थंडीत. पुढच्या थंडीचं ते बोलत नाहीत.

खासगी बाजार या मोहल्ल्यातल्या घरी आठवडाभर मी खुर्चीच्या पायाला दोरी बांधत होते. आपल्या मराठीत गाठी दोनच. सुरगाठ टोक ओढलं की सुटते, निरगाठीला नखं लावावी लागतात. ही तिसरी कितीही ओढली तरी सरकत नाही, पण पाठीवर अंगठा दाबला की मुकाट्याने सुटते. माझ्या वहीत रकाने दोनच, सुर आणि निर; ही कुठल्या रकान्यात लिहायची?

"ही सुर की निर?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही. किंवा एकही नाही."

"तू शिकून आलीस की विसरून?"

रविवारी उस्ताद चहाकडे वळले तेवढ्यात मी गाठ मारली. ओढून पाहिली. पक्की होती. त्यांना हाक मारणार, तोच लाइफ जॅकेट घालून तयार उभे असलेले बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "खोल?"

मी खोलली.

सकाळपासून कान उस्तादांच्या हिंदीला लागलेले. बाबा मराठीत पाण्याचं विचारत होते. रिकामी होडी सावकाश आत निघून गेली. उस्तादांनी दुसरी होडी काढून ती ओढत आणली.

"दीदी, गाँठ लगाई भी थी?"

"लगाई थी. इन्होंने कहा, खोल."

"मैं तो गहराई पूछ रहा था," बाबा म्हणाले.

"पहले बाप-बेटी एक ज़बान तय कर लो. फिर से बाँधिए."

दोरी हातात घेतली, तर टोक फासात वरून घातलं होतं की खालून, तेच आठवेना. चारदा केली, चारही वेळा सरकली. मग पहिली तरी बरोबर होती का?

बाबांनी जॅकेट गाडीपाशी पोचेपर्यंत काढलं नाही. वहीतल्या यादीत वल्हं आणि दोन गाठी यांच्यापुढे खूण आहे. तिसरी गाठ कोरी, आणि तिच्याखाली "बाबांना होडीत बसवणे", तेही कोरंच.