टोकाचा वाटा

ग्रीसचा वास आला की मस्कतजवळ गाला नावाच्या भागात मी शून्यातून उभं केलेलं गॅरेज आठवतं. जमिनीच्या वाटणीत भावानं मला गावच्या टोकाचा नुसता कातळ दिला होता, आणि मी फोनवर ओरडत होतो, "विकून टाकतो तो!" माझा नगरकडचा ख्रिस्ती फिटर हे ऐकून बायबल घेऊन आला. त्याच्या शेवटच्या पानावरच्या नकाशात इस्राएलच्या बारा वंशांचे वाटे होते. उत्तर टोकावर काळं बोट ठेवून तो म्हणाला, "शेठ, हे जबुलून, हे नफताली. शत्रूनं आधी यांनाच तुडवलं. पण संदेष्टा म्हणाला, मोठा उजेड इथंच पडेल." मी खेकसलो, "प्रवचन पुरे, ब्रेक बघ!" भावाशी अबोला अजून आहे, पण कातळ विकला नाही. यंदा गावी गेलो तेव्हा पाहिलं, गावात सकाळचं पहिलं ऊन तिथंच पडतं.