मधाचे वीस ग्रॅम

हे मी कुणालाच सांगितलेले नाही. मुलीला नाही, नालवाडीच्या रस्त्याने ज्यांच्याबरोबर रोज फिरायला जातो त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. चांगले शिकवले. घनतेचा धडा तर माझाच! सारख्या मापाच्या दोन वाट्या, एकीत पाणी, दुसरीत मध — कोणती जड? आजही बाजारात जुने विद्यार्थी भेटले की त्या वाट्यांची आठवण काढतात आणि माझी छाती फुगते. का फुगू नये?

मी निवृत्त झालो आणि शोभाला, माझ्या बायकोला, मधुमेह निघाला. आहार सांगणाऱ्या बाईंनी सगळे गोड बंद केले. शोभा फारच काकुळतीला आली तेव्हा म्हणाल्या, सकाळच्या लापशीत वीस ग्रॅम मध चालेल. त्या दिवसापासून स्वयंपाकघर मी हातात घेतले. काट्यावर वाटी ठेवून मध मोजायचो. मग काट्याचा सेल संपला. घरात औषधाचे मापाचे टोपण होते, मिलिलिटरच्या खुणांचे. मी वीसच्या खुणेपर्यंत मध भरू लागलो. वीस म्हणजे वीस — मी, घनता शिकवणारा माणूस!

पुढच्या तपासणीत साखर वाढली. मी काय तपासले? माप? नाही. बायको तपासली. तिची पिशवी उलटी केली, साखरेचा डबा कुलपात ठेवला, आणि मुलीसमोर विचारले, "खरं सांग, शेजारी जाऊन काय खाते तू?"

"देवाची आन, नाई खाल्लं. मी काऊन खाऊ?"

मी हसलो. कॉपी पकडल्यावर वर्गात हसायचो, तसा. त्यानंतर ती शेजारी जायचीच बंद झाली.

बऱ्याच दिवसांनी काट्यात नवा सेल घातला. आपला हात किती नेमका ते तिला दाखवावे म्हणून तिला हाक मारली आणि टोपणभर मध काट्यावरच्या वाटीत ओतला. आकडा आला — अठ्ठावीस.

ती पदराला हात पुसत आली. "काऊन बोलावलं?"

एक वाक्य पुरले असते — मध पाण्यापेक्षा जड. तेच मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. पण मी वाटी उचलली, काटा बंद केला. "काही नाई. चहा ठेवतो."

चहा पिताना ती हळूच म्हणाली, "मी भुलून तर खात नसंन ना हो?"

आणि मी — हेच सांगायचे होते — मी म्हणालो, "लक्ष ठेवत जा."

दुसऱ्या दिवसापासून गुपचूप मध तोलू लागलो. साखर उतरली. तेवढ्या मधाने किती फरक पडतो ते डॉक्टर जाणोत. मी मात्र तिला चिमूटभर साखरेसाठी चोर ठरवले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळंच झालं." मी नाही म्हटले नाही.

आता शोभा पुन्हा बायकांत बसते. काल अंगणात सांगत होती, "मले गोड खायची सवय होती, पण मले समजतच नव्हतं. आमच्या मास्तरांनी सोडवली." मी दारात उभा होतो. साऱ्या जणींनी वळून पाहिले. मी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि — खोटे कशाला बोलू — मला बरे वाटले.