जतच्या आजींचा कळप

चालणं या विषयावर जगात जेवढं ज्ञान आहे, त्यातलं निम्मं जतच्या आजींना ठाऊक आहे आणि उरलेलं निम्मं, त्यांच्या मते, चुकीचं आहे. मी मेढ्याजवळच्या खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. फिजिओथेरपी शिकून सांगलीच्या एका उपचार केंद्रात लागले, त्यामुळे आपल्याला बरंच काही येतं असा माझा प्रामाणिक समज होता. तो आजींनी पहिल्याच सकाळी काढून घेतला. त्या गणपतीच्या आधी आल्या. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला, अंगानं काटक, आणि पाठीवर सहा वर्षांची नात माया. मायाचे दोन्ही पाय जन्मापासून ताठ, उभं केलं की कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. आमच्याकडे अशा मुलांकडून आठ आठवडे, रोज चार तास कसून व्यायाम करून घेतात. आजींनी दारातच सांगून टाकलं, "पोरीला चालती करा. दिवाळी झाली की आमी समदी मेंढरं घिऊन कराडच्या बाजूला जाणार. चालली तर ती मावशीकडं जतला ऱ्हाईल, साळंला जाईल. न्हाई चालली तर हाय आपली माझी पाठ, आणि साळंचं आजून एक वरीस गेलं." मावशीच्या दारापासून शाळेच्या पायरीपर्यंतचं अंतरही त्या मोजून आल्या होत्या. त्यांची स्वतःची नव्वद पावलं.

मी मायाला तपासलं. सांध्यांचे कोन मोजले, स्नायू ताणून पाहिले, तासभर खपून दोन पानं लिहिली. आजी भिंतीला टेकून बघत होत्या. "डावा खुबा आखडलाय, आन् त्याच्यापायी उजव्याची फरफट हुतीया," त्या म्हणाल्या. माझ्या दोन पानांचा सारांश नेमका तोच होता. मी ती पानं दाखवली, तर म्हणाल्या, "चांगलं लिवलंयस गं. आता कागूद चालाय लागंल." मला राग आला आणि हसूही आलं, पण त्या रात्री मी खुब्याचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं, हे खरं.

मेंढरू चालीवरून ओळखायची त्यांची सवय माणसांच्या जगातही सुटली नव्हती. हॉलकडे पाठ करून बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "ह्यो टाच टेकत न्हाई, इस्लामपूरचा आला. ही पाय घासती, तासगावची." एकदा आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, मागून गेल्या. आजी मान न वळवता म्हणाल्या, "मोठ्या बाईंचा उजवा गुडघा दुखतोय. सांगत न्हाईत कुणाला." दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या गुडघ्यावर पट्टा होता आणि महिनाभर त्या आजींसमोरून जायचं टाळत होत्या!

मुलांना घालायचे आधाराचे बूट सगळे एकसारखे पांढरे. घाईत एखाद्याच्या डाव्या पायात उजवा जायचा आणि मग रडारड. एका सोमवारी पाहते तो काय, अकराच्या अकरा डाव्या बुटांवर लालभडक ठिपका! आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून पाठीवर रंग लावतात, तोच रंग आजींनी डबीत भरून आणला होता. मी ओरडले. आजी शांतपणे म्हणाल्या, "तुजी चप्पल बग." माझ्या डाव्या चपलेवरही ठिपका होता. "तू बी आमच्यातलीच की गं." तो ठिपका मी पुसला नाही.

पण त्यांचा खरा हट्ट एकच होता, पडलेल्याला उचलायचं नाही. नवं कोकरू पडलं तर त्याची आई हातभर लांब उभी करायची, म्हणजे ते आपसूक उठतं, हा त्यांचा सिद्धांत. इस्लामपूरच्या पोराचे वडील, दणकट ऊसवाले शेतकरी, पोरगं जरा कललं की धावायचे. आजी आडवा हात घालायच्या. "आवं पाटील, मागं सरा. पडलंय ते, मेलंय न्हवं!" पाटील बिचारे खिशात हात कोंबून उभे राहायचे आणि घाम पुसायलासुद्धा ते हात बाहेर काढायचे नाहीत.

पाचव्या आठवड्यात कहर झाला. आम्ही एकेका मुलाला वेगळं घेऊन शिकवायचो आणि आजींना ते अजिबात पसंत नव्हतं. "एकलं मेंढरू कवा चालतंय व्हय?" असं त्या रोज विचारायच्या. एका दुपारी मी डबा खाऊन आले तर हॉल रिकामा! मागच्या अंगणात धावले. तिथे अकरा मुलं, कुणी वॉकर ढकलतंय, कुणी चार पायांच्या काठ्या टेकतंय, एकामागून एक निघालेली, आणि सगळ्यांत मागे आजी, टाळूवर जीभ वाजवून "हिर्रर्र! बा, बा!" असं जतकडच्या कानडीत ‘ये, ये’ म्हणत त्यांना हाकताहेत. तासगावची पडली, गुडघा खरचटला, उठली, हसली, पुन्हा रांगेत. दारात मॅडम येऊन उभ्या. आता आजींची हकालपट्टी होणार म्हणून मी डोळे मिटणार, इतक्यात मला माया दिसली. हॉलमधल्या आधाराच्या दोन दांड्यांमधून बाहेर कधी न आलेली माया काठ्या घेऊन इस्लामपूरच्याच्या मागे चालली होती, ओरडत होती, "ए, हो की फुडं!" मी मोजायला लागले. सात, आठ, नऊ! मी शेजारचा हात धरून उड्या मारत होते, आणि तो मॅडमचा हात आहे हे मला नंतर कळलं. आजींना बोलणी बसली ती बसलीच, कारण आमच्यापैकी कुणी सोबत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तीन वाजता, अंगणात, सर्वांनी मिळून.'

शेवटच्या शनिवारी आजींनी अंगणात आपली नव्वद पावलं टाकून दोन्ही टोकांना दगड ठेवले. माया निघाली. सगळे आईबाप दोन्ही बाजूंना उभे. मधल्या कडुनिंबाजवळ ती पडली, चांगली आपटली. मी आजींकडे पाहिलं. दोन महिने सगळ्यांना मागे सारणाऱ्या आजींनी दोन्ही मुठींत स्वतःचा पदर पिळून धरला होता, पाऊल पुढे पडलंच होतं, ते त्यांनी जोर लावून मागे घेतलं. पाटीलच त्यांना म्हणाले, "आजी, मागं सरा. पडलीया ती." माया काठीवर रेलली, गुडघ्यावर आली, उभी राहिली. दुसऱ्या दगडाला तिनं पाय लावला तेव्हा सांगलीत दिवाळी दोन दिवस आधी आली! मी रडत होते, पाटील शिट्ट्या मारत होते. आजी मात्र आत गेल्या आणि मायाचे कपडे वेगळ्या पिशवीत भरायला लागल्या.

पौषात मी सुट्टीवर घरी निघाले होते. उंब्रजच्या अलीकडे एसटी मेंढरांनी अडवली आणि खिडकीतून मला त्या दिसल्या. मी तशीच उतरले. मायाच्या मावशीनं मला पाठवलेला व्हिडिओ दाखवला. माया दप्तर घेऊन काठ्या टेकत शाळेत चालली होती, वाटेत एकदा दगडावर बसून दम खात होती. आजींनी तो तीनदा पाहिला. "डावा आजून घासतीया. माती उडती बग," असा निकाल दिला आणि फोन परत करता करता चौथ्यांदा पाहिला. शेजारी त्यांचं घोडं उभं होतं, संसार लादलेलं. घोंगड्या, भांडी, पाण्याचे कॅन, आणि सगळ्याच्या मधोमध एक खळगा. "माझी पाठ दुखली की तितं बसायची माया," त्या म्हणाल्या. "बोजा बांदताना हात तेवढी जागा सोडत्यातच, काय करू? परवा कोंबड्यांचं डालगं ठिवलं, तर समदा बोजा कलला." मग त्यांनी घोड्याच्या पाठीवर थाप मारली आणि मेंढरांकडे बघत म्हणाल्या, "त्या पोरीच्या वजनाचं दुसरं कायबी न्हाई गं आमच्यापाशी."