दोन कॉलेजं, एक ॲडमिशन

नगरला सावेडीत आमचा एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा क्लास आहे. क्लास देशमुख सरांचा, गणितही तेच शिकवतात. मी इंग्रजी शिकवते आणि इंटरव्ह्यूची तयारी करून घेते. लोकांना वाटतं, आमची धावपळ परीक्षेपर्यंत. खरी धावपळ निकालानंतर सुरू होते. तोवर "कुठंही लागू दे" म्हणणाऱ्या मुलांचा दोन ठिकाणी नंबर लागतो. दोन्ही कॉलेजं चांगली, विषय सारखेच, प्लेसमेंटही उन्नीस-बीस. मग मूल दारात उभं: "मॅडम, कुठलं घेऊ?"

घरात जुने चार्जर कसे साठतात, कुणी जमवत नाही तरी ड्रॉवर भरलेला असतो? आमच्याकडे किस्से तसे साठलेत.

* * *

ओंकार नावाचा मुलगा दोन्ही कॉलेजांची माहितीपुस्तकं घेऊन आला. त्याचा कल एकीकडे झुकला होता. का, विचारलं तर म्हणाला, "इथलं वातावरण पॉझिटिव्ह वाटतं, मॅडम." कव्हरवर हिरवळीत बसून लॅपटॉपकडे बघत हसणारी एक मुलगी होती. तेच त्याचं वातावरण.

देशमुख सरांनी दुसरं पुस्तक उघडलं. आतल्या पानावर तीच मुलगी, तीच हिरवळ, तोच लॅपटॉप. कुठूनतरी विकत घेतलेला फोटो दोघांनीही छापला होता. सरांनी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. "ही दोन्हीकडं शिकलेली दिसते. हिलाच विचार."

ओंकारने दोन्ही फोटो बराच वेळ न्याहाळले. मग पहिल्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, पण इथं ती जास्त खूश वाटते."

* * *

कापडबाजारातले एक शेठ मुलाला न सांगता एकटेच आले. मुलाला मार्केटिंग करायचं होतं. एक कॉलेज पुण्यात, दुसरं पार बंगळुरूला. अभ्यासक्रम जवळजवळ सारखाच. शेठना अभ्यासक्रमाशी देणंघेणं नव्हतं. तीन पिढ्यांचं दुकान होतं आणि मुलगा एकुलता एक.

"सर, मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "कुठल्या कॉलेजातली पोरं घरी परत येतात?"

सरांनी चहा मागवला. मग म्हणाले, "शेठ, ते कॉलेजवर नसतं. घरावर असतं."

शेठनी चहा संपवला. उठताना म्हणाले, "मग बंगळुरूच घेऊ द्या. पुण्यात राहिला तर दर शनिवारी येईल, आणि आम्ही दर शनिवारी भांडू."

* * *

भिंगारचे सुभेदार गायकवाड फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आले. गोदामं आणि मालवाहतूक यांतली नोकरी करायची, हे त्यांचं पक्कं होतं. फौजेत तेच केलेलं, फक्त हातात डिग्री नव्हती. शनिवार-रविवारचे वर्ग असलेली दोन कॉलेजं त्यांनी निवडली.

पहिल्या ठिकाणी ग्रुप डिस्कशन होतं. टेबलाभोवती सगळी त्यांच्या मुलीच्या वयाची मुलं. विषय मिळाल्याबरोबर सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं. सुभेदार ताठ बसून ऐकत राहिले. शेवटी परीक्षक म्हणाले, "तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"सर, सगळे एकदम बोलत होते. कमांड कुणाकडं आहे ते कळेना."

त्यांना तिथे घेतलं. दुसऱ्या कॉलेजनेही घेतलं, वर तिथल्या माणसाने खासगीत सांगितलं, "साहेब, तुम्ही बिझी असणार. हजेरीचं आपण ॲडजस्ट करू." त्याला वाटलं, गिऱ्हाईक पक्कं झालं.

सुभेदार आमच्याकडे आले ते लाल होऊन. "मॅडम, वीस वर्षं मी हजेरी घेतली. आता म्हातारपणी ॲडजस्ट होऊ?"

पहिल्या कॉलेजात दर शनिवारी सगळ्यांच्या आधी वर्गात पोचायचे. आता सुप्यातल्या एका गोदामाचे मॅनेजर आहेत. तिथेही सगळे वेळेवर येतात म्हणे.

* * *

अक्षयचं मात्र काही केल्या ठरेना. फायनान्स करायचं एवढं नक्की, पण दोन कॉलेजांत त्याचा लंबक सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. मॉक इंटरव्ह्यूत मी विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघतोस?" म्हणाला, "आईला विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी आईलाच घेऊन आला. वृषालीताई एका पतसंस्थेत नोकरीला. प्रमोशन अडलेलं, कारण वरच्या जागेसाठी मॅनेजमेंटची पदवी हवी होती. अक्षयचं बोलणं चालू असताना त्या भिंतीवरचे आमचे तक्ते वाचत होत्या. निघताना हळूच म्हणाल्या, "मॅडम, नोकरी सांभाळून करायचा कोर्स असतो का हो? वयाची अट?"

अट नव्हती, आणि त्या कोर्सची वेगळी परीक्षा महिन्याभरावरच होती. बाई ऑफिस सुटल्यावर क्लासला येऊ लागल्या आणि पास झाल्या. पेढे घेऊन आल्या तेव्हा अक्षयही सोबत होता, अजून लटकलेलाच. सरांनी विचारलं, "मग ताई, कॉलेज कुठलं ठरलं?"

त्यांनी नाव सांगितलं. अक्षयच्या दोनपैकीच एक होतं.

अक्षयने हातातला पेढा खाली ठेवला. "सर," तो म्हणाला, "माझं दुसरं फायनल करा."

* * *

आणि स्नेहल. आज पुणतांब्याजवळ तिचं स्वतःचं युनिट आहे, पेरूचा गर काढून डबाबंद करतात. पण तेव्हा ते नुसतं डोक्यात होतं. वडिलांची पेरूची बाग. भाव पडला की तोडणीसुद्धा परवडत नाही, हे ती लहानपणापासून बघत आलेली. इंजिनिअर झाली, एमआयडीसीत नोकरी केली, आणि एक दिवस ती सोडून आमच्याकडे आली. भावकीत कुजबुज सुरू झाली होती: लग्नाचं बघायचं सोडून ही काय शिकत बसली? वडील सगळ्यांना एकच सांगायचे, "तिला दोन वर्सं देऊ. मंग बगू."

तिलाही पुण्याची दोन कॉलेजं मिळाली. एकाचं नाव थोडं जुनं, दुसऱ्याची इमारत थोडी नवी. आणखी फरक शोधून सापडेना. इंटरव्ह्यूला वडील दोन्हीकडे बरोबर गेले, बाहेर बाकावर बसून राहिले.

जुन्या कॉलेजात शेवटी एका प्राध्यापकांनी नेहमीसारखं विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

स्नेहल म्हणाली, "सर, तुमच्याकडं काय नाही?"

त्यांनी तिचा अर्ज पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, "तुला फळांवर प्रक्रियेचा धंदा करायचाय ना? त्यातलं आमच्याकडं फारसं काही नाही. शेतीमालाचा एक पेपर आहे, तो मीच शिकवतो आणि मलाही तो अपुरा वाटतो. दुसरीकडं नंबर लागला असेल तर तिकडचंही बघ."

तिने परत येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पहिल्यांदाच एक निवड आमच्याशिवाय झाली होती. देशमुख सर म्हणाले, "चला, हिचं तरी सोपं झालं."

आठवड्याने वडील आणि स्नेहल पेरूंची पिशवी घेऊन आले. स्नेहलने जुन्याच कॉलेजात प्रवेश घेतला होता.

सरांचा आवाज चढला. "अगं, ते स्वतः म्हणाले ना, आमच्याकडं नाही म्हणून?"

"व्हय, म्या बी तेच इचारलं हिला," वडील म्हणाले.

स्नेहल पिशवीतले पेरू टेबलावर मांडत होती. "सर, दुसऱ्या कॉलेजातही मी तोच प्रश्न विचारला होता."

"मग?"

"ते म्हणाले, आमच्याकडं सगळं आहे."