धुलाईमास्तर आणि अंधारखोलीची किल्ली

फोटोक्लबातलं ते भांडण मास्तरीणबाईंनी जिन्यात उभं राहून ऐकलं होतं. हातात चहाची किटली. वर जावं की खाली उतरावं, काही सुचेना. आत त्यांचे मालक, म्हणजे धुलाईमास्तर, क्लबातल्या शिंप्याला झापत होते. फिल्म धुणं चालू असताना शिंप्यानं अंधारखोलीचं दार उघडलं, उजेड आत आला आणि कंपाउंडरचा अख्खा रोल काळा पडला, एवढंच झालं होतं.

"ज्याच्या हातून दुसऱ्याचा रोल गेला, त्यानं किल्ली खाली ठेवायची," मालक म्हणाले. "आज तुम्ही, उद्या मी."

"अहो, चूक झाली. फासावर देता का आता?"

"किल्ली ठेवा."

किल्ली टेबलावर वाजली. शिंपी बाईंच्या शेजारून तरातरा खाली गेला, तो पुन्हा त्या जिन्याकडे फिरकला नाही.

"जरा जास्तच ताणलंत," बाई घरी म्हणाल्या.

"तुला त्यातलं कळत नाही."

बाईंना त्यातलं खरंच कळत नव्हतं. माणसातलं कळत होतं, पण ते कोण विचारतो.

मास्तरांनी शाळेत कधी एक धडा शिकवला नव्हता. दवाखान्यात लोकांच्या हाडांचे एक्स-रे धुण्यात त्यांचा उभा जन्म गेला. रविवारी क्लबातल्यांच्या फिल्मा धुवायच्या, म्हणून क्लबाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, त्यांना धुलाईमास्तर म्हणू लागले. त्यांची बायको म्हणून या मास्तरीणबाई; सहीपुरतीच अक्षरं यायची, तो भाग वेगळा.

क्लब म्हणजे वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि दहा-बारा खुळी माणसं. सकाळी कॅमेरे गळ्यात अडकवून निघायची, तेच तळं, तोच मोडका पूल टिपून यायची, मग एका खांबाच्या सावलीवरून दुपारपर्यंत हमरीतुमरी. "सावली नाही ती, डाग आहे," एकानं म्हणायचं. "तुमच्या भिंगावर असेल," दुसऱ्यानं. मास्तर स्वतः फोटो फारसे काढत नसत. आतून ओली पट्टी घेऊन ते बाहेर आले की सगळे गप्प, लग्नघरात नवरी आल्यासारखे. माणसाला आणखी काय लागतं?

आणि मग त्यांचे डोळे जायला लागले. पडदाच आतून वाळतोय, त्यावर इलाज नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी चप्पल काढताना मास्तर म्हणाले, "क्लबात कुणाला कळता कामा नये."

"किती दिवस लपेल?"

"अगं, अंधारात सगळेच आंधळे. मी निदान सवयीचा."

खरंच दोन वर्षं लपलं. फळीवर भिंतीकडून पहिली बाटली डेव्हलपरची, त्यानं चित्र उमटतं. दुसरी हायपोची, त्यानं ते टिकतं. दिवा मालवायच्या आधी वाचायला बाटल्यांना चिठ्ठ्या होत्या, पण मास्तरांचा हात जागा ओळखायचा. धुतलेले फोटो शनिवारी ते घरोघर पोचवत. कुणाचं पाकीट कुठलं ते कळावं म्हणून बाई दोऱ्याला गाठी मारून देत. दातांच्या डॉक्टरांची एक, कंपाउंडरच्या दोन, चित्रकलेच्या सरांच्या तीन.

या सरांची मुलगी दवाखान्यातच वारली. शेवटच्या आठवड्यात तिनं हट्टानं स्वतःचे फोटो काढून घेतले होते. तो रोल सरांनी आठ महिने कपाटात ठेवला, धुवायचा धीर होईना. एका रविवारी मात्र त्यांनी तो मास्तरांच्या मुठीत ठेवला. "तुम्हीच करा," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात प्रदर्शनासाठी मंडळींनी हौसेनं खोल्या झाडल्या. फरशी फिनाइलनं पुसली. फळीवरच्या बाटल्या पुसून उंचीप्रमाणे लावल्या, छान दिसाव्यात म्हणून. मास्तरांना कुणी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? चिठ्ठ्या होत्याच की. एरवी वासावरून कळलं असतं, पण त्या दिवशी खोलीभर फिनाइलच.

मास्तर ओली पट्टी घेऊन घरी आले, ते पहिल्यांदाच.

"बघ गं, काय दिसतंय?"

बाईंनी ती खिडकीशी धरली. "काही नाही."

"काही नाही म्हणजे काळं?"

"नाही हो. काचेसारखं. पलीकडचं दिसतंय."

मास्तर खाली बसले. बराच वेळ बोटं हुंगत राहिले. "बाटल्यांच्या जागा बदलल्या होत्या. चित्र उमटायच्या आधीच हायपो पडलं," ते म्हणाले. "खाल्लं त्यानं पोरीला."

बाई म्हणाल्या, "सांगा ना त्यांना, बाटल्या त्यांनीच हलवल्या म्हणून."

"मग विचारतील, चिठ्ठी का नाही वाचली."

"विचारू देत. सांगा काय ते."

"आंधळ्यानं दोन वर्षं आपले रोल हाताळले, हे कळलं की प्रत्येकजण आपले जुने फोटो काढून बघत बसेल. त्यापेक्षा मी गाफील बरा."

रविवारी बाई हट्टानं बरोबर गेल्या. सरांनी विचारलं, "एकही नाही?"

"एकही नाही. माझी चूक."

"आठ महिने जपला होता हो मी."

बाईंच्या तोंडाशी शब्द आले होते. मास्तरांनी त्यांचं मनगट इतकं दाबलं की वळ उठला. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर "होतं असं" म्हणाले, पण किल्ली परत घ्या असं कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर मास्तर अंथरुणाला लागले नाहीत, की कुठलं दुखणंही निघालं नाही. नुसते बसून राहिले, आणि पुढच्या सोमवारी बसल्या बसल्याच गेले. त्याआधीच्या शनिवारी मात्र आधी धुवून ठेवलेल्या फोटोंची पाकिटं उरली होती, ती पोचवायला ते निघाले. बाई पाठोपाठ. डॉक्टरांचं झालं, कंपाउंडरचं झालं. सरांच्या जिन्यात बाई खालच्या पायरीवर थांबल्या.

सरांनी दार उघडलं. आत या असं म्हणाले नाहीत. हात पुढे केला. मास्तरांनी दोऱ्याच्या गाठी चाचपल्या आणि पाकीट पुढे धरलं, ते सरांच्या हातापासून वीतभर बाजूला. सर त्या पाकिटाकडे पाहत राहिले, मग मास्तरांच्या डोळ्यांकडे. मग त्यांनी सावकाश आपला हात सरकवून पाकिटाखाली आणला.

"झाडांचे आहेत," मास्तर म्हणाले. "दहा. पाहून घ्या."

"पाहतो," सर म्हणाले.

मास्तरांनी कठडा धरला, पायऱ्या मोजत उतरले आणि पिशवीतलं पुढचं पाकीट चाचपू लागले.